हाताने रंगवलेलं टेक्स्चर गेममध्ये मळकट दिसतं तेव्हा

तक्रार दर वेळी तीच असते. क्रिता या चित्र रंगवायच्या प्रोग्रॅममध्ये जांभ्याची भिंत सुरेख रंगवली, चिऱ्यांच्या कडांवर नारंगी उजेड, सांध्यांत जांभळट सावली, जोत्यापाशी शेवाळाचा हिरवा. 3डी मॉडेलवर टेक्स्चर म्हणून, म्हणजे वरचं रंगीत आवरण म्हणून, चढवली, गेम चालवणाऱ्या इंजिनात (युनिटी, गोडो, अनरीअल) आणली, आणि भिंत राखाडी पडली. किंवा फटफटीत पांढुरकी झाली. किंवा प्लास्टिकसारखी चकाकायला लागली. मग माणूस पुन्हा टेक्स्चर उघडतो, रंग आणखी भडक करतो, पुन्हा आणतो. तेवढ्याने इंजिनात जरा बरं दिसतं, पण दुसऱ्या सीनमध्ये तीच भिंत डोळ्यांत खुपते आणि सगळा खेळ नव्याने सुरू होतो.

टेक्स्चरला हात लावू नका. रंगवलेलं बहुतेक वेळा बरोबरच असतं. फाइल आणि पडदा यांच्यामध्ये कोणीतरी लुडबुड करत असतं.

मी मालवणकडची घरं, होड्या, मंदिरांच्या दीपमाळा अशी मॉडेलं करतो, साध्या मोबाइलवर चालणाऱ्या गेमसाठी. अशा फोनवर चार लाइट आणि त्यांच्या सावल्या परवडत नाहीत, म्हणून उजेड टेक्स्चरमध्येच रंगवायचा आणि इंजिनाकडून कमीत कमी काम घ्यायचं. ही पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. 2004 साली आलेल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचं जग असंच हाताने रंगवलेल्या टेक्स्चरवर उभं राहिलं. सावंतवाडीच्या चितार आळीतला लाकडी आंबा आठवा. त्याच्या देठाकडची लाली आणि पोटाकडचा पिवळा कारागिराने रंगातच उतरवलेला असतो, त्यामुळे तो दुकानाच्या ट्यूबलाइटखालीही भरीव दिसतो आणि देवघरातल्या समईपाशीही. आपल्या मॉडेलकडून हीच अपेक्षा आहे. इंजिनाने त्या लालीवर स्वतःची दुसरी लाली चढवली की बिघडतं.

आधी एक पट्टी रंगवा

अंदाजाने सेटिंग फिरवत बसण्यापेक्षा ही एक चाचणी करा. 256 बाय 256 ची फाइल घ्या. त्यात करड्या रंगाचा एक चौकोन, लाल-हिरवा-निळा तिन्ही आकडे 128. शेजारी तुमच्या जांभ्याचा लाल, चुन्याचा पांढरा, माडाचा हिरवा, आणि प्रत्येकाचे आकडे कागदावर लिहून ठेवा. ही पट्टी एका सपाट प्लेनवर लावा, मटेरियल अनलिट (इंजिनाचा उजेड न घेणारं) ठेवा, गेम चालवा, स्क्रीनशॉट घ्या आणि ड्रॉपरने रंग उचलून पाहा.

128 चा 128 आला, फार तर एखाद्या आकड्याचा फरक, तर रंगांची वाट मोकळी आहे. दोष लाइटिंगमध्ये किंवा मटेरियलमध्ये शोधा.

128 चा 188 आला, सगळं धुतल्यासारखं फिकट, तर इंजिन तुमच्या रंगाच्या फाइलला साधी आकड्यांची फाइल समजतंय. म्हणजे एसआरजीबीतून (पडद्यासाठीचे आकडे) लिनियरमध्ये (खऱ्या उजेडाच्या प्रमाणातले आकडे) आणायची पायरी गळली आणि शेवटची उलटी पायरी मात्र झाली. युनिटीत टेक्स्चर निवडून 'एसआरजीबी कलर टेक्स्चर'ची खूण आहे का ते बघा. नॉर्मल मॅपसाठी (पृष्ठभागाच्या दिशा साठवणारी फाइल) ती काढायची असते आणि घाईत सगळ्याच फाइली एकदम निवडून काढली जाते. गोडो 4 मध्ये स्वतः लिहिलेल्या शेडरात (रंग-उजेड ठरवणारा छोटा कोड) टेक्स्चरच्या युनिफॉर्मपुढे (टेक्स्चर बाहेरून घेणारी ओळ) 'सोर्स कलर' ही सूचना राहून गेली की नेमकं हेच होतं.

128 चा 55 च्या आसपास आला, सगळं काळवंडलेलं, तर उलट घडलंय: लिनियर करण्याची पायरी दोनदा झाली. बहुधा जुन्या उदाहरणातून उचललेल्या शेडरात 2.2 चा घात बसवलेला असतो आणि इंजिनही आपलं काम करतच असतं. ती ओळ काढून टाका.

आकडा यांतला कुठलाच नाही, मधलाच काहीतरी आहे, पांढरा करडा झालाय आणि भडक रंग विटलेत? मग टोनमॅपर, म्हणजे प्रखर उजेड पडद्यात मावावा म्हणून रंग दाबणारी इंजिनाची पायरी. आणि करड्याचे तिन्ही आकडे सारखे राहिले नाहीत, निळा वर सरकला, तर कुठेतरी कलर ग्रेडिंग (शेवटी सगळ्या चित्राचा रंग बदलणं) किंवा फॉग (धुकं) लागलाय.

या एका पट्टीने निम्म्याहून अधिक तक्रारी जागच्या जागी सुटतात. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये ती ठेवून द्या.

ब्लेंडरमध्येच रंग बदलतो

पुष्कळ जण ब्लेंडर या मॉडेलिंगच्या प्रोग्रॅममधून इंजिनापर्यंत पोचतच नाहीत. सॉलिड मोडमध्ये भिंत बरोबर दिसते, रेंडर केली की लालाचा विटकरी-गुलाबी होतो. याचं कारण ब्लेंडरचं व्ह्यू ट्रान्सफॉर्म, म्हणजे रंग पडद्यावर दाखवायची पद्धत. 2.80 पासून नव्या फाइलमध्ये 'फिल्मिक' ठरलेलं असायचं, 4.0 पासून 'एजीएक्स' असतं. दोन्ही खऱ्याखुऱ्या प्रखर उजेडासाठी केलेली आहेत. ती भडक रंग मवाळ करतात आणि पांढऱ्याला खाली ओढतात. फोटोसारख्या रेंडरला ते उत्तम. आपला रंग मात्र आधीच शेवटच्या रूपात आहे, त्याला मवाळ करायचं काही कारण नाही. रेंडर प्रॉपर्टीजमध्ये कलर मॅनेजमेंट उघडा, व्ह्यू ट्रान्सफॉर्म 'स्टँडर्ड' करा, लुक 'नन' ठेवा. नव्या फाइलसाठी हेच स्टार्टअप फाइलमध्ये साठवून टाका.

रंगवताना व्ह्यूपोर्ट सॉलिडवर, लाइटिंग 'फ्लॅट', कलर 'टेक्स्चर'. स्टुडिओ लाइटवर ठेवून रंगवणारे लोक त्या लाइटचा उजेड बघून आपला उजेड कमी रंगवतात आणि मग फ्लॅटमध्ये मॉडेल पोकळ दिसतं.

एमिशन (स्वतः उजळणारा) शेडर लावून जीएलटीएफ (मॉडेल इंजिनात न्यायची फाइल) काढली आणि इंजिनात मॉडेल वेगळंच वागतंय, हाही नेहमीचा प्रश्न. नुसतं एमिशन जोडलं तर ते उजेड टाकणारं मटेरियल म्हणून बाहेर पडतं. अनलिट म्हणून जावं असं वाटत असेल तर लाइट पाथ नोडमधलं 'इज कॅमेरा रे' घेऊन ट्रान्सपरंट आणि एमिशन यांचं मिक्स करावं लागतं; एक्सपोर्टर ती जोडणी ओळखतो. नाहीतर सरळ प्रिन्सिपल्ड या ब्लेंडरच्या नेहमीच्या शेडरच्या बेस कलरला टेक्स्चर लावून पाठवा आणि इंजिनात मटेरियल अनलिट करा. मी हाच दुसरा मार्ग धरतो, कारण सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्याला तो समजतो.

दुहेरी सावली

आता जिथे खरा पेच आहे तिथे येऊ. वाट मोकळी आहे, आकडे जुळतात, तरी लाइट लावला की घर घाणेरडं दिसतं.

आपल्याकडचं कौलारू घर घ्या. वळचण चांगली हातभर बाहेर आलेली, खाली पडवी, जांभ्याचं जोतं, पुढे सारवलेलं खळं आणि तुळशी वृंदावन. तुम्ही वळचणीखाली गडद रंगवलं, भिंत खाली येईल तशी थोडी काळोखी केली, कौलांच्या प्रत्येक ओळीखाली सावलीची रेघ मारली. सगळं योग्य. मग सीनमध्ये सूर्य ठेवला. आता इंजिन वळचणीखाली स्वतःची सावली टाकतं, तुमच्या सावलीवर. दोन गडद थर गुणले जातात आणि तिथे कोळसा होतो. त्यातून सूर्य समुद्राच्या बाजूला, मावळतीकडे कललेला असेल तर आणखी वाईट: खरा उजेड वळचणीच्या आत शिरून भिंत उजळायला बघतो आणि तुमची रंगवलेली सावली त्याला अडवते. बघणाऱ्याला नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाही, पण भिंत मळलेली वाटते.

पहिली दुरुस्ती रंगवण्यात आहे. दिवसाच्या कुठल्याही वेळी खरी राहील तेवढीच सावली रंगवा. चिऱ्यांमधला सांधा, वळचणीचा कोपरा, जोत्याचा पाया, कौलांखालची फट: इथे उजेड कधीच पुरता पोचत नाही, म्हणून इथे रंगवा. माडाची तिरपी सावली भिंतीवर रंगवू नका. ती एका वेळेची असते. आभाळ वर असतं, म्हणून वरून खाली येणारा हलका ग्रेडियंट चालतो. असा उजेड डोळ्यांनी शिकायचा असेल तर आषाढातल्या ढगाळ दुपारी घराबाहेर उभं राहून बघा. ऊन नाही, तिरपी सावली नाही, तरी घराचा घाट स्पष्ट कळतो. नेमका तोच उजेड टेक्स्चरमध्ये हवा. संदर्भाचे फोटोही अशाच दिवशी काढा. फक्त पावसात जांभा भिजून गडद आणि शेवाळलेला असतो, तर मे महिन्यात तोच धुरळलेला नारंगी. रंग कुठल्या ऋतूचा हवा ते आधी ठरवा आणि घाट मात्र ढगाळ फोटोवरून घ्या.

सावलीत काळा मिसळू नका. मळकटपणाचं निम्मं मूळ त्यात असतं. जांभ्याची सावली जांभळट तपकिरीकडे न्या, चुन्याची निळसर करड्याकडे, सारवणाची हिरवट तपकिरीकडे. इंजिनाने वरून थोडा काळोख टाकला तरी असा रंग जिवंत राहतो.

दुसरी दुरुस्ती इंजिनात. न हलणारी घरं, गडगे, वृंदावनं यांना सरळ अनलिट करा. हलणाऱ्या गोष्टींना, म्हणजे माणसं, बैल, होडी, थोडासा खरा उजेड हवाच, नाहीतर वळताना त्या कागदाच्या वाटतात. तिथे माझा उपाय वाटणीचा आहे: साधारण 70 टक्के अनलिट, 30 टक्के लिट. तेच टेक्स्चर एमिशनमध्ये 0.7 ताकदीने लावायचं आणि अल्बेडोच्या (उजेड घेणाऱ्या मूळ रंगाच्या खान्यातल्या) रंगाने गुणून 30 टक्क्यांवर आणायचं. इथे एक गोम आहे. रंग निवडायच्या खिडकीतला आकडा एसआरजीबीचा असतो, त्यामुळे 30 टक्के म्हणून 77 टाकाल तर फार काळोख होईल, लिनियरमधल्या 0.3 साठी तिथे 149 चा करडा लागतो. मग सूर्य आणि आजूबाजूचा उजेड मिळून बेरीज 1 च्या वर जाणार नाही एवढं सांभाळा, म्हणजे पूर्ण उजेडातला भाग तुमच्या टेक्स्चरइतकाच दिसेल, त्याहून भडक नाही.

शेडर लिहिता येत असेल तर हाफ-लॅम्बर्ट आणखी देखणा. लॅम्बर्ट या उजेड मोजायच्या नेहमीच्या रीतीत उजेडाकडे पाठ झालेला सगळा भाग एकदम शून्यावर जातो आणि तिथली रंगवलेली सगळी मेहनत काळोखात बुडते. व्हॉल्व्ह या गेम कंपनीने 1998 च्या हाफ-लाइफसाठी यावर तोड काढली: नॉर्मल (पृष्ठभागाचं तोंड ज्या दिशेला ती) आणि लाइटच्या दिशेचा डॉट गुणाकार घ्या, 0.5 ने गुणा, 0.5 मिळवा, आणि आलेल्या संख्येचा वर्ग करा. काटकोनातला भाग शून्याऐवजी 0.25 वर राहतो आणि पाठीकडे हळूहळू उतरतो. त्यांच्याच 2007 च्या टीम फोर्ट्रेस 2 मध्ये याला रंगीत रॅम्पची (उजेडानुसार रंग देणाऱ्या पट्टीची) जोड दिली आहे. हाताने रंगवलेल्या चेहऱ्यांना हा उतार फार मानवतो; नाकाखाली, गळ्याखाली रंगवलेली सावली दिसत राहते. गोडोत हे शेडरच्या लाइट फंक्शनमध्ये दोन ओळींत बसतं.

अनलिट वस्तू जमिनीवर तरंगल्यासारखी दिसते, हे खरं. तिच्या पायाशी एक सपाट चौकोन ठेवा, त्यावर कडेला विरत जाणारा गडद डाग, ब्लेंड मोड मल्टिप्लाय (खालच्या रंगाला गुणून गडद करणारा). डागाचा रंग जमिनीच्या सावलीचा घ्या, काळा नको. वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीखाली असा लांबट डाग असला की ती बसते.

चकाकी आणि निळी झाक

मटेरियल लिट ठेवलं असेल तर चकाकी बंद करा. युनिटीच्या यूआरपी लिट शेडरमध्ये स्मूदनेस शून्य, शिवाय 'स्पेक्युलर हायलाइट्स' आणि 'एन्व्हायर्नमेंट रिफ्लेक्शन्स' या दोन्ही खुणा काढा. दुसरी खूण लोक विसरतात आणि मग भिंतीवर आभाळाचं फिकं प्रतिबिंब पसरून राहतं. गोडोत स्पेक्युलर मोड 'डिसेबल्ड'. ब्लेंडरमध्ये रफनेस 1 आणि स्पेक्युलर 0. माशाच्या अंगावरची किंवा तांब्याच्या घागरीवरची चमक हवी असेल तर ती ब्रशने रंगवा.

सगळ्याच वस्तूंवर निळी झाक असेल तर ती आभाळाची. युनिटीत लाइटिंगच्या खिडकीत एन्व्हायर्नमेंटचा सोर्स स्कायबॉक्सऐवजी 'कलर' करा, गोडोत अँबियंट लाइटचा सोर्स 'कलर' करा. गोडोच्या एडिटरमध्ये एक तात्पुरता सूर्य आणि आभाळ असतं, जे गेम चालवल्यावर नसतं. एडिटरमध्ये झकास आणि चालवल्यावर काळोख, असं झालं तर ते दोन्ही आधी बंद करा आणि स्वतःचं वर्ल्ड एन्व्हायर्नमेंट घाला. अनरीअलवाल्यांसाठी एवढंच: तिथे अनलिट मटेरियलसुद्धा टोनमॅपर आणि ऑटो एक्स्पोजरमधून जातं, म्हणून एक्स्पोजर मॅन्युअल केल्याशिवाय वरची पट्टी काही सांगणार नाही.

रेघा, पांढऱ्या कडा, चौकडे

घरापासून लांब गेलं की कोपऱ्यांवर पांढरी रेघ उमटते, जवळ आलं की जाते. हा मिपमॅपचा प्रश्न. लांबून इंजिन टेक्स्चरची लहान प्रत वापरतं. चौथ्या पायरीवर 1024 ची फाइल 64 ची झालेली असते आणि एका पिक्सेलात मूळचे 16 बाय 16 मिसळलेले असतात. यूव्हीच्या बेटांबाहेर (मॉडेलचे भाग टेक्स्चरवर सपाट पसरलेले तुकडे म्हणजे बेटं) पांढरं रिकामं सोडलं असेल तर ते पांढरं आत झिरपतं. 1024 ला निदान 16 पिक्सेल रंग बेटाबाहेर पसरू द्या. ब्लेंडरच्या टेक्स्चर पेंटमध्ये त्याला ब्लीड म्हणतात, बेकमध्ये मार्जिन. सर्वांत सोपं म्हणजे सुरुवातच पांढऱ्या पानाऐवजी भिंतीच्या सरासरी रंगाने करायची. रेघ जवळूनही दिसत असेल आणि अनलिट केल्यावर जात असेल, तर मात्र दोष नॉर्मलचा. तिथे शेडिंग स्मूथ करा किंवा उलटे झालेले नॉर्मल सुलटे करा.

माडाच्या झावळ्यांना पांढरी किंवा काळी किनार येते तीही याच घरची. पारदर्शक भागाच्या मागे कुठला रंग आहे ते दिसत नाही, पण फिल्टरिंगमध्ये तो मिसळतो. मागे हिरवा भरा. युनिटीत 'अल्फा इज ट्रान्सपरन्सी', गोडोत 'फिक्स अल्फा बॉर्डर' चालू आहे ना, बघून घ्या. लांबून झावळ्या विरळ होत गायब होत असतील तर युनिटीत मिपमॅपखालचं 'प्रिझर्व्ह कव्हरेज' लावा, नाहीतर अल्फाची (पारदर्शकतेची) मर्यादा 0.5 वरून 0.3 च्या आसपास उतरवा.

तुळशी वृंदावनाच्या चुन्यावर हलका ग्रेडियंट रंगवला आणि तिथे चौकटी-चौकटी दिसू लागल्या, तर कॉम्प्रेशन, म्हणजे मेमरी वाचवायला टेक्स्चर आक्रसणं. बीसी1 या कॉम्प्रेशनच्या प्रकारात 4 बाय 4 पिक्सेलांच्या ठोकळ्याला दोनच मूळ रंग मिळतात आणि त्यांच्या मधले दोन. फिकट उतार एवढ्यात मावत नाही. गोडो तर टेक्स्चर पहिल्यांदा 3डीत वापरलं की आपणहून ते कॉम्प्रेस करून टाकतं, म्हणून काल नसलेला दोष आज दिसतो. डेस्कटॉपवर बीसी7 निवडा, मोबाइलवर एएसटीसीची 4 बाय 4 पातळी. सगळंच अनकॉम्प्रेस्ड ठेवू नका: 1024 ची एक फाइल अल्फासकट 4 एमबी होते, बीसी1 मध्ये अर्धा एमबी, आणि साध्या फोनची मेमरी याच फरकावर पुरते किंवा संपते. माझा कल वेगळ्या उपायाकडे आहे. गुळगुळीत एअरब्रशचा उतार टाळा, ब्रशचे फटकारे दिसू द्या. चुन्याची भिंत खऱ्यातही तशीच असते, आणि फटकाऱ्यांत ठोकळे लपतात.

आकडे जुळले, तरी डोळ्याला पटत नाही

फाइलचा कलर प्रोफाइल तपासा. फोटोशॉपमध्ये डॉक्युमेंट अडोबी आरजीबीत असेल तर तिथे ते गर्द दिसतं, पण इंजिन प्रोफाइल वाचत नाही, नुसते आकडे घेतं, आणि रंग उतरतो. 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल'ने एसआरजीबीत आणा. 'असाइन' नको, त्याने आकडे तेच राहतात.

लॅपटॉपचा नाइट लाइट बंद आहे का? संध्याकाळी तो आपोआप पिवळा होतो आणि तुम्ही नकळत निळा वाढवत जाता. पडवीत बसून काम करणाऱ्यांनी दुपारी बाहेरच्या वाळूची झळाळी पडद्यावर येत नाही ना हेही बघावं. त्या उजेडात सगळे जण सावल्या गरजेपेक्षा फिक्या रंगवतात. फोनवर तपासताना डिस्प्ले 'व्हिव्हिड'वरून 'नॅचरल'वर घ्या, पण एकदा 'व्हिव्हिड'वरही पाहा, कारण पुष्कळ खेळणारे त्याच्यावरच असतील.

आणि शेवटी, क्रितात तुमच्या भिंतीभोवती गडद करडा असतो, गेममध्ये उजळ आभाळ आणि पांढरी वाळू. तोच 128 करड्यात उजळ वाटतो आणि वाळूपुढे काळा. पट्टी तपासून झाल्यावर गेमचा एक स्क्रीनशॉट घ्या, क्रितात वेगळ्या थरावर टेक्स्चरच्या शेजारी ठेवा आणि तो समोर ठेवूनच पुढचं रंगवा. आता टेक्स्चरला हात लावायला हरकत नाही.